दुसऱ्यांदा मागितलेला कौल

बाई, तुम्हाला जाऊन आता बरीच वर्षं झाली. तरी काही विचारायचं असलं की पाय अजून तुमच्याच दाराकडे वळतात, म्हणून लिहायला बसलो आहे. माझ्या मुलीला सोमवारपर्यंत उत्तर द्यायचं आहे. ती यंदा केमिस्ट्री घेऊन बीएस्सी झाली, माझ्यासारखीच, फक्त मार्क माझ्यापेक्षा चांगले. रोह्याच्या बाजूला ज्या कंपनीत मी नोकरीला आहे, तिथे माझ्याच लॅबमध्ये तिच्यासाठी जागा ठेवली आहे. साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावून चहा पाजला आणि म्हणाले, तुमची मुलगी म्हणजे आम्हाला वेगळं शिकवायला नको. कंपनीची बस आमच्या नाक्यावरून जाते. सकाळी जाईल, दिवेलागणीच्या आत घरी येईल. याहून जास्त काही मागायचं मला सुचलंही नसतं. पण तिला मुंबईला जायचं आहे, जुन्या मूर्ती आणि जुन्या वस्तू जपण्याचं शास्त्र शिकायला. दोन वर्षांचा अभ्यासक्रम आहे, तिथे तिची निवडही झाली आहे, आणि त्यांनाही याच सोमवारी हो की नाही ते कळवायचं आहे. पुढे नोकरी कुठे, असं विचारलं की ती म्हणते, बघू. आमच्या घरात आजवर 'बघू' हा शब्द फक्त मी वापरत होतो.

मी तुमच्या नजरेत पहिल्यांदा भरलो तो दिवस मला स्वच्छ आठवतो. तालुक्याच्या कॉलेजातलं पहिलं प्रॅक्टिकल होतं. आमच्या गावच्या शाळेत प्रयोगशाळा म्हणजे एक कुलूप लावलेलं कपाट, आणि त्याची चावी हेडमास्तरांच्या कमरेला. त्यामुळे काचेच्या त्या बाटल्या, त्या नळ्या, मी तोवर पुस्तकातल्या चित्रांतच पाहिलेल्या. आमच्याकडे रीत अशी की नांगर असो, होडी असो, नाहीतर दुकानातला तराजू असो, कामाला सुरुवात करण्याआधी त्याला हात लावायचा आणि तो हात कपाळाला लावायचा. मी समोरच्या पहिल्या बाटलीला हात लावला आणि कपाळाला टेकवला. ती नायट्रिक ॲसिडची निघाली, आणि तिच्या गळ्यावरून थोडं ओघळलेलं होतं. चुरचुरायला लागलं तेव्हा मला वाटलं, घाम असेल. तुम्ही दुसऱ्या टोकाकडून आलात, माझे केस धरलेत आणि डोकं नळाखाली घातलंत. अख्खी बॅच बघत होती. पाणी बराच वेळ चालू ठेवलंत. मग पदराने स्वतःचे हात पुसत म्हणालात, "नमस्कार करू नको असं मी म्हणत नाही. आधी हात धू, मग कर. आणि बाटलीला नको, टेबलाला कर. टेबल कुणाला काही करत नाही."

कपाळावर पिवळा डाग पडला तो पुढे कितीतरी दिवस राहिला. नायट्रिकचा डाग जात नाही, कातडी बदलेल तेव्हा तो जातो. आईने पाहिलं आणि विचारलं, कॉलेजात देऊळ हाय का रे, रोज गंध लावून येतोस. मी व्हय म्हटलं. ती समाधानाने चुलीकडे वळली.

त्याच महिन्यात तुम्ही मला बूट दिलेत. लॅबमध्ये चपला चालत नाहीत हे तुम्ही सगळ्या वर्गाला सांगितलं होतं, आणि त्यानंतर मी दोनदा आजारी असल्याचं सांगून प्रॅक्टिकल बुडवलं. तिसऱ्यांदा तुम्ही मला स्टाफरूमच्या दाराशी थांबवलंत आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेलं पुडकं हातात दिलंत. भाच्याचे आहेत, म्हणालात, त्याला लहान झाले, पडूनच होते. कॅनव्हासचे बूट, तळवे घासलेले, टोकावर डाग. घरी जाऊन घातले तेव्हा आतलं अस्तर कोरं करकरीत होतं, पायाचा ठसा नाही, घामाचा वास नाही. तळवे कशावर घासले असतील तुम्ही? माझा अंदाज आहे तुमच्या खोलीमागच्या नारळीच्या वाडीतल्या विहिरीच्या काठावर, कारण तिथला दगड तसा खरखरीत होता. मी कधी विचारलं नाही, तुम्हीही कधी सांगितलं नाहीत. तुम्हाला भाचा नव्हताच, हे मला तुम्ही गेल्यावर तुमच्या भावाकडून कळलं.

पण मला आज जास्त आठवतात ते आपले शनिवार. शेवटच्या वर्षाला आम्ही पाच-सहा जण होतो आणि पुढे काय करायचं हे आमच्यातल्या एकालाही ठाऊक नव्हतं. वर्गातला एक जण म्हणायचा, केमिस्ट्री घेतली की एक तर औषधाचं दुकान, नाहीतर दारूची भट्टी. तुम्ही आम्हाला करिअरवर कधी भाषण दिलं नाहीत. शनिवारी सकाळी एसटीत बसवायचात आणि तुमचे जुने विद्यार्थी जिथे काम करत तिथे घेऊन जायचात, आणि वेळ अशी साधायचात की आपण पोचू तेव्हा त्यांची जेवायची सुट्टी असेल. एसटी सुटली की एकच ताकीद द्यायचात. पगार विचारायचा नाही, तो आज एक असतो, उद्या दुसरा. साहेब कसा आहे तेही विचारायचं नाही, साहेब बदलतो. "जेवायला कुठे बसतो, कुणाबरोबर बसतो आणि जेवताना उठावं लागतं का, एवढंच बघा."

बोर्ली पंचतनला एका हायस्कुलात तुमचा एक विद्यार्थी विज्ञान शिकवत होता. बीएस्सीनंतर बीएड केलेला. तो मास्तरांच्या खोलीत सगळ्यांबरोबर जेवत होता, प्रत्येकाच्या डब्यातलं प्रत्येकाला, आणि बोलणं मात्र सगळं बदल्यांचं. पालीला दुसरा भेटला, औषधकंपनीचा माणूस, डॉक्टरांकडे फिरणारा. गळ्यात टाय, पायात चकचकीत बूट, आणि डबा एसटी स्टँडच्या बाकावर, बॅग दोन पायांत धरून. तो आम्हाला बघून इतका खूष झाला की निम्मा डबा आम्हालाच वाढला. म्हणाला, महिन्यातून एकदा कुणाशी तरी बोलत जेवतो. तिसरा एका बर्फाच्या कारखान्यात होता, अमोनियाच्या यंत्राजवळ. तो उभ्यानेच खात होता आणि खाताना त्याचा एक कान यंत्राकडे होता. आणि चौथा रोह्याला, कंपनीच्या लॅबमध्ये. तेव्हा तिथे आजच्यासारखी यंत्रं नव्हती. खिडकीशी एक वेगळं टेबल, त्यावर चार डबे. आम्ही गेलो तेव्हा त्याने नुकती भाकरी मोडली होती. तेवढ्यात गेटवरून निरोप आला की टँकर आलाय. त्याने हात धुतले, नमुना घेतला, तपासला, सही केली, परत हात धुतले आणि गार झालेली भाकरी जिथे सोडली होती तिथून पुढे खायला लागला. कपाळावर आठी नाही. बाकीच्या तिघांनी त्याच्या आमटीवर ताट झाकून ठेवलं होतं. मला ते फार आवडलं. आज सांगतो, मी ती नोकरी त्या झाकलेल्या ताटावरून धरली.

परत आल्यावर तुमच्या खोलीत आम्ही दाटीवाटीने बसायचो आणि तुम्ही स्टोव्हवर पिठलं टाकायचात. घाटावरचं पिठलं, आमच्या नाकाडोळ्यांतून पाणी काढणारं. आम्ही खाडीकडची मुलं, नारळाशिवाय आम्हाला जेवण गोड लागायचं नाही. तुम्ही पाठमोऱ्याच विचारायचात, काय बघितलं? आम्ही कंपनी किती मोठी, गेट किती उंच, असलं काहीतरी सांगायचो. तुम्ही म्हणायचात, ते मी पण बघितलं, मला दिसलं नाही ते सांगा. मग कुणीतरी म्हणायचं, बाई, त्याने अमोनियाच्या वासामुळे दोन घास कमी खाल्ले. तुम्ही वळून त्याच्याकडे बघायचात आणि त्याच्या ताटात आणखी एक पळी पिठलं पडायचं. शाबासकी अशी होती तुमची.

त्या हिशेबाने माझं चांगलं झालं, बाई. खिडकीशी बसायला मिळालं, बरोबरची माणसं बरी मिळाली. आता ब्युरेट, त्या मापाच्या काचनळ्या, कपाटात गेल्या, सगळं यंत्रावर होतं, नमुना सुईने आत टोचायचा आणि पडद्यावर आलेखाचे डोंगर उमटायची वाट बघायची. मी मात्र अजून एकच रीडिंग कधी धरत नाही. तीन घेतो. नवीन पोरं हसतात. म्हणतात, काका, मशीन खोटं बोलत नाही. मी म्हणतो, मशीन बोलत नसेल, सुई धरणारा बोलतो. हे वाक्य तुमचं आहे. माझं म्हणून खपवतो.

मुलीचं हे मूर्तींचं वेड आलं कुठून, तेही सांगतो. वादळाच्या वर्षी आमच्या घराचं छप्पर गेलं आणि कौलं, माती, खारं पाणी सगळं देवघरावर आलं. आमच्याकडे देवाचे टाक आहेत, पितळेच्या पत्र्यावर उठवलेले चेहरे, खंडोबा, देवी, आणि घरातले गेलेले. चिखलातून काढले तेव्हा ते हिरवे पडले होते. ही तेव्हा शाळेतच होती. तिची आई चिंच आणि राख घेऊन बसली, दसऱ्याला बसते तशी, आणि घासायला सुरुवात करणार इतक्यात हिने टाक काढून घेतले. आई म्हणाली, देव घासायचं आता तुला विचारून करू काय? ही म्हणाली, "आई, आजीने घासून घासून खंडोबाचं नाक घालवलं. तू आता डोळे घालवशील." मी जवळ जाऊन बघितलं. खरंच, खंडोबाला नाक नव्हतं. मी रोज सकाळी त्याला फूल वाहतो, आणि मला ते कधी दिसलं नव्हतं. पुढचे कित्येक दिवस ती कापूस आणि साधं पाणी घेऊन ओसरीवर बसत होती. हिरवं पूर्ण गेलं नाही, पण चेहरे राहिले. मग कॉलेजात गेल्यावर तिने कुठून कुठून वाचलं की हे शिकवतात, याची माणसं असतात. मला वाटलं, वय आहे, जाईल. नाही गेलं. तिच्या मैत्रिणी मोबाइलवर बघतात, कुणाला गुन्हे तपासायच्या लॅबमध्ये जायचंय, कुणाला अत्तराच्या कंपनीत, कुणाला अन्न तपासायचंय, कुणी एमएस्सी, कुणी स्पर्धा परीक्षा. आपल्या वेळी चार दारं होती, आता गल्लीच आहे. ती मात्र एकाच दाराशी जाऊन उभी आहे.

म्हणून परवा मी देवीला विचारायला गेलो. आमच्या ग्रामदेवीचा कौल तुम्ही एकदा पाहिला होतात, जत्रेला आला होतात तेव्हा. देवीच्या दोन्ही खांद्यांना ओली फुलं चिकटवायची, गाऱ्हाणं घालायचं आणि बसायचं. उजवीकडचं फूल आधी सुटलं तर होकार, डावीकडचं सुटलं तर नकार. गावात लग्न ठरवणं असो, घराचा पाया असो, विचारल्याशिवाय होत नाही. तुम्ही तेव्हा दाराबाहेर उभ्या राहून सगळं बघितलंत आणि शेवटी एवढंच म्हणालात की माणसं किती शांत बसतात. गुरव माझ्या वर्गातला. चौथीपर्यंत एका फळीवर बसलो आहोत. त्याने आंघोळ केली, फुलं लावली आणि खड्या आवाजात गाऱ्हाणं घातलं, की आई, तुझ्या लेकराच्या पोरीला हितंच कंपनीत ठेवायची आसंल तर उजवी दे. आम्ही बसलो. बाहेर कोंबड्या चालल्या होत्या, समईत तेल होतं, बाकी काही नाही. उजवीकडचं फूल सुटलं आणि देवीच्या पायाशी पडलं.

मला हवं होतं तेच झालं होतं. हात जोडायचे, प्रसाद घ्यायचा आणि उठायचं. पण माझ्या तोंडून निघून गेलं, "अजून एकदा लाव."

गुरवाने ऐकलंच नाही असं केलं. मी परत म्हटलं.

"उजवी दिली ना? मग?"

"दिली रे. पण एकदाच दिली. खात्री करू."

तो माझ्याकडे वळला. म्हणाला, "देवीची खात्री करतोस? ही काय तुझी लॅब हाय?"

त्याने आधी देवीची क्षमा मागितली, माझ्या नावाने, मला ऐकू येईल अशी. मग पुटपुटत फुलं लावली. गाऱ्हाणं तेच. आम्ही परत बसलो, आणि या खेपेला डावीकडचं फूल पडलं. गुरवाने पंच्याला हात पुसले आणि म्हणाला, घे, झाली खात्री. त्याच्या बापाच्या वेळेपासून असं कुणी मागितलं नव्हतं म्हणे. तिसऱ्यांदा लावायला तो काही तयार होईना. "आता आई बोलायची न्हाय. तुझ्या घोळात तिला ओढू नको. सोमवारी पूजा झाल्यावर ये, एकदा लावीन. ती देईल ते घ्यायचं, मग कुरकूर न्हाय." मी कबूल केलं. तर बाई, असा मी बसलो आहे, दोन रीडिंग घेऊन, आणि ती जुळत नाहीत. तुम्ही असतात तर काय म्हणाला असतात ते मला कळत नाही, म्हणून हे लिहितो आहे.

इथवर गुरुवारी लिहिलं होतं. नंतर कागद तसेच ठेवले, कारण लिहिता लिहिता ते शनिवार आठवले आणि मला वाटलं, मी तुम्हाला विचारत कशाला बसलो आहे. रजा टाकली आणि शनिवारी सकाळी मुलीला म्हटलं, चल, तुझी जागा बघून येऊ. ती गोंधळली. तिला वाटलं, मी भांडायला चाललो आहे. रेवसहून लाँचने मुंबईला गेलो. वाटेत ती केसांचा रबर काढायची आणि परत लावायची.

एका संग्रहालयाच्या मागच्या बाजूला त्यांची कामाची खोली आहे. तिथल्या मॅडम माझ्यापेक्षा थोड्या लहान असतील. त्यांच्या हाताखाली दोन-तीन तरुण मुलं. मोठी टेबलं, कापूस, ब्रश, भिंगं, आणि एका कोपऱ्यात पाण्याच्या टबात निजवलेली एक छोटी देवी. समुद्राकाठच्या कुठल्या तरी गावातून आलेली, धातूची, अंगावर हिरवट पूड. मॅडम म्हणाल्या, हे मीठ आहे, खाऱ्या हवेतलं. आत शिरलेलं असतं आणि आतून खात राहतं, वरून पुसून काही होत नाही. म्हणून पाण्यात ठेवायचं, पाणी बदलायचं, आणि मीठ बाहेर यायचं थांबेपर्यंत बदलत राहायचं. मी विचारलं, थांबलं हे कसं कळतं? त्यांनी टबातलं थोडं पाणी परीक्षानळीत घेतलं, त्यात नायट्रिकचा थेंब टाकला, मग सिल्व्हर नायट्रेटचा. पाणी पांढुरकं झालं.

मला पुढचं काही ऐकू आलं नाही, बाई. ही टेस्ट मी तुमच्या हाताखाली कितीदा केली असेल. क्लोराइड आहे की नाही. दुधासारखं आलं तर थोडं, दह्यासारखं आलं तर भरपूर, असं तुम्ही सांगायचात आणि नळी खिडकीकडे धरायचात. मी आयुष्यभर ती कंपनीच्या पाण्यावर केली, बॉयलरसाठी, टँकरसाठी. एका देवीच्या अंगातलं मीठ निघालं की नाही हे बघायला तीच टेस्ट लागते, हे माझ्या स्वप्नातही नव्हतं. मी म्हटलं, दुधासारखं आहे, म्हणजे थोडं राहिलंय. मॅडमनी मान वर केली. माझी मुलगी माझ्याकडे अशी बघत होती की जणू मी तिथलाच कुणी आहे. मी म्हटलं, आमच्याकडे टँकर गेटवर उभा असतो, अर्ध्या तासात सांगावं लागतं. मॅडम म्हणाल्या, आमचा टँकर काही महिने थांबतो.

मग मी विचारलं, तुम्ही जेवता कुठे? मुलगी माझी बाही ओढायला लागली. मॅडमना प्रश्न कळला नाही. त्या म्हणाल्या, इथे नाही हं, आत खायचा पदार्थ आणायचाच नाही, मुंग्या आणि झुरळं आली तर लाकडी वस्तू संपल्या. मी म्हटलं, इथे नाही ते कळलं, मग कुठे? तेव्हा त्यांनी आम्हाला जिन्याखाली नेलं. जिन्याखाली एक लांब बाक, दोन खुर्च्या, वर एक पिवळा दिवा. डबे उघडले. मटकीची उसळ होती, कुणाचे ठेपले, कुणाचा भात. आम्हाला सरकून जागा दिली. जेवायला कुणी घाईत नव्हतं आणि मधे उठावं लागेल असं कुणाच्या चेहऱ्यावर नव्हतं. त्यातला एक मुलगा नाशिककडचा, तो मला म्हणाला, काका, तुम्ही स्थळ बघायला आल्यासारखे आलात. मी म्हटलं, तसंच समज. सगळे हसले, माझी मुलगी सोडून.

जेवताना मॅडमनी माझ्यापासून काही लपवलं नाही. जागा थोड्या आहेत, म्हणाल्या. संग्रहालयं, पुरातत्त्व खातं, कधी एखाद्या देवस्थानाचं काम, बरीचशी कामं ठरावीक मुदतीची. शिकून बाहेर पडलेली एक मुलगी दोन वर्षं वाट बघून शेवटी कंपनीच्या लॅबमध्येच गेली. मला हे आवडलं नाही आणि सांगितलं म्हणून आवडलंही. त्या डबा धुवायला गेल्या तेव्हा मी मुलीकडे बघितलं. ती बाकाच्या टोकावर बसून शेजारच्या मुलीला काहीतरी समजावत होती, दोन्ही हातांनी, आणि तिचं ताट तसंच होतं. शेजारचीने त्यावर झाकण ठेवलं.

येताना लाँचवर बाहेरच्या बाजूला उभे होतो. कौलाची गोष्ट तिला आधीच कळली होती. गुरवाच्या बायकोने हिच्या आईला सांगितलं, म्हणजे गावाला कळलं. ती म्हणाली, "बाबा, तुम्ही नाही म्हणालात तर मी सोमवारपासून तुमच्याबरोबर बसमध्ये बसेन. रुसणार नाही."  मग म्हणाली, "पण मग देवीने सांगितलं म्हणून, असं सांगू नका. तुम्ही सांगा." तिच्या आवाजात राग नव्हता, हे मला जास्त लागलं. ती खरंच बसमध्ये बसली असती. माझ्या शेजारच्या टेबलावर बसून तीन-तीन रीडिंग घेतली असती, आणि मी ताटावर झाकण ठेवलं असतं, आणि आम्ही दोघं सुखाने निवृत्त झालो असतो. रविवारभर मी हे चित्र डोळ्यांपुढे धरून बघितलं. त्यात काही वाईट नव्हतं. हीच अडचण होती.

आज सोमवार. सकाळी आंघोळ करून नारळ घेतला आणि देवळात गेलो. गुरवाची पूजा झाली होती, फुलं पाण्यात भिजत ठेवलेली. तो म्हणाला, बस, लावतो. मी म्हटलं, नको लावू. त्याने विचारलं, ठरलं? मी म्हटलं, ठरलं. मग त्याने विचारलं, कुणी ठरवलं? मी नारळ पुढे केला. त्याने तो फोडला, अर्धा देवीपुढे ठेवला, अर्धा माझ्या हातात दिला. कंपनीत जाऊन साहेबांना सांगितलं. ते म्हणाले, केमिस्ट्री करून मूर्ती? मी म्हटलं, साहेब, मीठ काढायचं असतं. त्यांना काही कळलं नाही, पण त्यांनी चहा मात्र मागवला. दुपारी खिडकीशी डबा उघडून मुलीला फोन केला आणि म्हटलं, मुंबईला हो कळव. मी सांगतोय.  तिने विचारलं, बाबा, जेवलात का?

संध्याकाळी घरी आलो तर तिची आई डोळे पुसत, उन्हात घातलेली तिची बॅग झटकत होती. मला म्हणाली, डावी दिली ना देवीने, मला वाटलंच होतं. मी मान हलवली. तिने तो होकार समजला, आणि मी तिला तसं समजू दिलं. हे कागद कुठे पाठवायचे नाहीत, तुमच्या भावाचं घरसुद्धा आता दुसऱ्यांनी घेतलं आहे, म्हणून तुम्हाला सांगतो. मी कौल लावू दिला नाही तो देवीवर विश्वास नव्हता म्हणून नाही. तिने पुन्हा उजवी दिली असती तर मला तिचं ऐकावं लागलं असतं, बाई, आणि शनिवारनंतर मला ते ऐकायचं नव्हतं.